पालच्या सहलीत बंद पडलेली बॅटरी आणि कापलेली अनामत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ऑफिसातून आलेला फोन माझ्याकडून शेवटचा. यापुढे जे काही ते लेखी.

गेल्या रविवारी तुमची मोटरहोम, म्हणजे संडास-बेसिनसकट चालतं घर असलेली गाडी, एका दिवसासाठी घेऊन आम्ही भुसावळहून यावल अभयारण्याच्या तोंडाशी असलेल्या पालला गेलो. भाडं १४,००० रुपये, अनामत २०,०००. त्यातले ८,५०० तुम्ही ‘बॅटरीचा अतिवापर’ म्हणून कापलेत. कारण काय, तर म्हणे आम्ही ए.सी. चालवला. जानेवारीत! फैजपूरपर्यंत काचांवर दव होतं, सावद्याला केळीच्या बागांवर धुकं उतरलेलं होतं आणि आई शाल लपेटून बसली होती. शिवाय छतावरचा ए.सी. बाहेरची वीज जोडल्याशिवाय सुरू होत नाही, हे गाडीच्या दारामागे तुम्हीच चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं आहे. तुमची गाडी तुम्हाला माहीत असेल, असं मी समजून चाललो होतो.

गाडी घेतली ती आईसाठी. तिचं वय ७९. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, खाली बसता येत नाही. तिचे वडील पालला वनरक्षक होते, ती तिथेच वाढली. १९६९ साली यावल अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या चार वर्षं आधी ती लग्न होऊन भुसावळला आली. नंतर तिकडे जाणं झालं नाही. गाडीतच संडास आहे, पाणी आहे, म्हणून ती यायला तयार झाली. बुकिंग करताना मी हे दोनदा सांगितलं होतं.

पालला पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. नळाची धार बारीक झालेली होती. पाच मिनिटांत पंप घरघरून थांबला. पंप नाही म्हणजे बेसिनला पाणी नाही, फ्लशला नाही, काहीच नाही. मी ३३ वर्षं वीज खात्यात सबस्टेशनला ऑपरेटर होतो. ११० व्होल्टच्या बॅटरी सेटची नोंद रोजच्या रोज रजिस्टरला घेतलेला माणूस मी. मीटर माझ्यासोबतच असतो. इंजिन चालू ठेवून मोजलं: इंजिनची बॅटरी १४.१ व्होल्ट, घराची बॅटरी, म्हणजे पंप चालवणारी वेगळी बॅटरी, ११.३. भुसावळपासून पालपर्यंत इंजिन चालू होतं, तरी घराच्या बॅटरीला चार्जिंग पोहोचलंच नव्हतं. दोन्ही बॅटऱ्या जोडणारा मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, गेलेला होता. तुमच्या मेकॅनिकला एवढ्या दोन आकड्यांवरून कळेल.

पहिल्या फोनवर उत्तर मिळालं, “सर, जवळ कुठे प्लग पॉइंट बघा.” अभयारण्याच्या तोंडाशी, गावाच्या कडेला उभं राहून मी कोणाच्या घरात वायर टाकू? दुसऱ्या फोनला कोणी उचललंच नाही. तिसऱ्याला वीस मिनिटं गाणं ऐकवलंत. चौथा फोन मात्र शब्द न् शब्द लिहितो, कारण तो मी विसरणार नाही. मी दोन्ही व्होल्टेज सांगितले. तो मुलगा म्हणाला, “काका, मीटर-बिटर राहू द्या, ए.सी. बंद केला का?” मी म्हणालो, ए.सी. लावलेलाच नाही. तो म्हणाला, “असं सगळेच म्हणतात.” मी म्हणालो, आई आजारी आहे, पाण्याची गरज आहे, माणूस पाठवा. त्यावर तो म्हणाला, “काका, अशा गाड्या सगळ्यांना झेपत नाहीत. पुढच्या वेळी साधी बस करा.” मागे कोणीतरी हसलं. मी फोन ठेवला, तो रागाने नाही. आई समोर बसली होती, तिला ते ऐकू जाऊ नये म्हणून ठेवला.

पुढे जे झालं ते तुम्ही नीट वाचा. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून मी आईपुढे धरलं. बीपीची गोळी घ्यायची होती. तिने गोळीपुरता एक घोट घेतला आणि पेला परत माझ्या हातात दिला. “राहू दे रे बा, घरी गेल्यावर पिईन.” मग मला कळलं. संडास चालत नाही हे तिने ऐकलं होतं. सकाळी दहापासून संध्याकाळी सात वाजेपर्यंत तिने पाणी घेतलं नाही. आम्ही स्थानिक जीप करून सुकी धरणाच्या बाजूने जंगलात गेलो, नीलगायींचा कळप दिसला, एक भेकर रस्ता ओलांडून गेलं. एका अंजनाच्या झाडाशी आईने जीप थांबवायला लावली आणि खोडाला बराच वेळ हात लावून उभी राहिली. साठ वर्षांनी आलेली बाई त्या सगळ्या वेळात कोरड्या घशाने होती. संध्याकाळी तिचे ओठ सुकलेले होते. दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टरकडे न्यावं लागलं.

आणि तुम्ही म्हणता ए.सी. चालवला.

गाडी परत देताना तुमच्या माणसाने घराची बॅटरी मोजलीच नाही. नुसता फोटो काढला आणि निघून गेला. इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्या माझ्यासमोर मोजा, चूक माझी निघाली तर ८,५०० राहू द्या. तुम्ही ते करणार नाही, हे आजच्या फोनवरून दिसलंच.

कापलेले ८,५०० आणि दिवसाचं भाडं पंधरा दिवसांत परत करा. चौथ्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ते स्वतः ऐका आणि माझ्या आईला लेखी माफीनामा पाठवा. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जाईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फीही नाही, आणि मला आता वेळच वेळ आहे. मीटरमधल्या आकड्यांचे, दारामागच्या कागदाचे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचे फोटो मी जपून ठेवले आहेत.

भाच्याच्या लग्नाला वऱ्हाडासाठी तुमच्याच दोन गाड्या घ्यायचं ठरलं होतं. ते मी काल रद्द केलं.

आपला,
एक ग्राहक, भुसावळ