मंत्रिमहोदय, तुमचा ट्रान्सफॉर्मर दोन महिने तडतडत होता

प्रति,
मा. ऊर्जामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आपली दिवाळी सुखाची गेली असेल. आमची अगदी शास्त्राप्रमाणे झाली, म्हणजे फक्त दिव्यांवर. वसुबारसेच्या आदल्या रात्री पावणेदोनला आमच्या घरामागच्या 33/11 केव्ही (33 हजार व्होल्टचे 11 हजार करणाऱ्या) सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर फुटला, तो बदलून वीज आली भाऊबीज उलटल्यावर तिसऱ्या दिवशी. मध्ये नऊ दिवस गेले.

अपघात कुठेही होतो, हे मान्य. पण हा अपघात गौरी-गणपतीपासून ओरडून सांगत होता. मी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात 31 वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं कळतं. पावसात बुशिंगच्या, म्हणजे तार टाकीत शिरते तिथल्या नळीच्या, चिनी मातीवर धूळ आणि ओल बसली की वरवर तडतड होते आणि ऊन पडलं की थांबते. ही थांबत नव्हती. चार-चार दिवस कोरडे गेले तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकू यायची, कढईत मोहरी टाकल्यासारखी. कुंपणाबाहेरून बॅटरी मारून पाहिलं, तर ब्रीदरमधलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या बरणीतलं, सिलिका जेल पार गुलाबी. ते निळं असतं, ओल शोषून गुलाबी होतं. काढून कढईत भाजलं की परत निळं. एवढं काम करायला कुठली निविदा लागते?

गुलाबी जेल म्हणजे ट्रान्सफॉर्मर ओली हवा आत घेतोय. आतलं तेल ओलं, त्यात बुडालेला, तारांवर गुंडाळलेला कागद ओला. मग कागदात कुठे बारीक पोकळी असेल तिथे ठिणग्या पडू लागतात. लगेच काही होत नाही. लाकडाला वाळवी लागावी तसं आतून पोखरत जातं, बाहेरून रंग चकचकीत. पण ते कळतं, साहेब! तेलात विरघळलेले वायू सांगतात. हायड्रोजन वाढला तर आत बारीक ठिणग्या आहेत, ॲसिटिलीन दिसला तर मोठा आर्क, म्हणजे विजेचा झोत. कारखान्यात गाळप संपलं की आम्ही काचेच्या सिरिंजमध्ये तेल भरायचो, एक बुडबुडा राहू न देता, आणि काळ्या कागदात गुंडाळून लॅबला धाडायचो. टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशन किती बिघडलं याची चाचणी, घ्यायचो. आता तर अर्थिंगच्या पट्टीला चिमट्यासारखा सेन्सर लावून चालू ट्रान्सफॉर्मरमधल्या ठिणग्या मोजता येतात. साखर कारखान्याला जे परवडतं, ते तुमच्या खात्याला परवडत नाही?

मी तीन अर्ज दिले. तिसऱ्याला लेखी उत्तर आलं: 'आठ दिवसांत तेलाची तपासणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' ते आठ दिवस अजून चालूच आहेत. ट्रान्सफॉर्मरनेच कार्यवाही केली.

आता त्या रात्रीचं. माझी पत्नी ऑक्सिजनच्या मशीनवर असते. स्फोट झाला, खिडकी नारिंगी झाली आणि मशीनने बंद पडताना काढतं तशी लांबलचक शिटी काढली. ती शिटी मला अजून झोपेत ऐकू येते. पुतण्याच्या टेम्पोत गादी टाकून तिला 19 किलोमीटर तालुक्याला नेलं. पाच रात्री दवाखान्यात, बिल 38 हजार. मुलाची पिठाची गिरणी. चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ या आठवड्यातच तर दळतात! वर्षाचा हप्ता या आठ दिवसांवर निघतो. बायका डबे परत घेऊन गेल्या. त्यांच्याकडे बघताना मुलाची मान खाली होती, आणि तीही त्याची चूक नसताना.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला, तर पहिला मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

हिशेब करू? तीन हजार कनेक्शनं धरा, घरामागे रोजचं शंभर रुपये नुकसान, नऊ दिवस. सत्तावीस लाख. बोटांवर मोजलंय, चुकलं असेल तर तुमच्या लोकांनी दुरुस्त करावं, तेवढीच एक दुरुस्ती वेळेत होईल. बिलात मात्र स्थिर आकार स्थिरच आला. आणि दर गुरुवारी 'देखभाल दुरुस्तीसाठी' सकाळपासून वीज बंद असते, ती नक्की कशाची देखभाल? फांद्या तोडतात, एवढं मी पाहिलंय.

आमच्या कनिष्ठ अभियंत्यावर माझा राग नाही. पोरगं सव्वीस वर्षांचं, अंगावर तीन सबस्टेशनं. 'काका, पावसात आवाज येतोच,' म्हणाला. त्याला वरून रोज फोन येतो तो वसुली किती झाली म्हणून. तेलाचा रिपोर्ट कुणीच मागत नाही. माझ्या दारात तुम्ही स्मार्ट मीटर लावता, मी कधी किती युनिट जाळलं ते मुंबईत बसून बघता. माझ्या पंख्यावर नजर आहे, तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर नाही! जिथून पैसे येतात तिथेच तुमचे सेन्सर, मग रस्ता असो, धरण असो की वीज.

परदेशात सगळं छान चालतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. 20 मार्च 2025 च्या रात्री लंडनच्या नॉर्थ हाइड सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मर पेटला, दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद. माझा भाचा तिथे जवळच राहतो, त्याचीही वीज गेली होती. कारण बुशिंग, त्यात बहुधा शिरलेली ओल. आणि ओल वाढल्याचं तेलाच्या नमुन्यात 2018 च्या जुलैमध्येच दिसलं होतं! तेही सात वर्षं झोपले. पण साडेतीन महिन्यांत चौकशीचा अहवाल त्यांनी लोकांसमोर टाकला, झालेल्या चुकांसकट. आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा शेवटचा रिपोर्ट कधीचा, हे मी विचारलं तर 'माहिती अधिकारात अर्ज करा.' केलाय.

मागणं फार नाही. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी सबस्टेशनच्या फाटकावर लावा. वाचायला मी आहे.

स्फोटात ब्रीदरची काच फुटून दाणे कुंपणाबाहेर आमच्या परसात उडाले होते. त्यातले मूठभर या पत्राच्या छापील प्रतीसोबत पुडीत पाठवतोय. अजून गुलाबीच आहेत.

आपला,
एक थकबाकी नसलेला ग्राहक