राणीछाप पेटी

लीड्स, इंग्लंड,
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस शि. सा. नमस्कार.

मी इकडे मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, जाड जाकीट घेतलं आहे, ठेचाही अजून पुरवून खाते आहे. तेव्हा काळजी नको.

राजूने मोबाइलवर मी काढलेले टपालपेट्यांचे फोटो दाखवले आणि तुम्हाला घोर लागला, असं आई म्हणाली. शेजारच्या काकू तर म्हणे, "पोरगी तिकडं नर्स म्हनून गेली का टपालपेट्या मोजाले?" त्यांना सांगा, ड्युटी करूनच मोजते. रात्रपाळी संपली की सकाळी चालत घरी येते, वाटेत पेटी दिसली की फोटो काढते. दोन मिनिटांचं काम. एकटी पडले, डोक्यावर परिणाम झाला, असलं काही नाही. बाकीच्या पोरी दिवसभर स्वतःचे फोटो काढतात, त्यांना कोणी विचारत नाही.

बाबा, तुम्ही तरी समजून घ्या. तुमचा जन्म टपालात गेला. इथली पेटी म्हणजे आपल्या पारावर टांगलेला डबा नव्हे. बिडाचा चांगला माणसाएवढा खांब, फुटपाथवर रोवलेला. ज्या राजाच्या राज्यात बसवली त्याची अक्षरं तिच्या पोटावर ओतलेली असतात. आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया आठवतो ना? त्याच व्हिक्टोरियाच्या नावाची पेटी माझ्या वाटेवर आहे आणि रोज तिच्यातून पत्रं निघतात. रंगावर रंग चढून अक्षरं इतकी बुजलीत की बोटाने चाचपावी लागतात. या पेट्या आधी हिरव्या होत्या, लाल रंग १८७४ पासून आला. स्कॉटलंडात तर १९५३ साली एक नवी पेटी लोकांनी स्फोटाने उडवली. तिच्यावर दुसऱ्या एलिझाबेथचं नाव होतं, आणि पहिली कधी त्यांची राणी नव्हतीच, मग ही दुसरी कुठून आली? तेव्हापासून तिकडच्या पेट्यांवर नुसता मुकुट. आताच्या चार्ल्स राजाची पहिली पेटी २०२४ मध्ये लागली. ती मला पाहायची आहे.

आता आई विचारेल, पेटीच्या डोक्यावर ते लोकरीचं काय आहे. टोपी! इथल्या बाया पेटीच्या मापाची टोपी विणतात. वर लोकरीचेच ससे, कोंबड्या, केक, कधी अख्खं लग्न, नवरा-नवरीसकट. रातोरात कोणीतरी चढवून जातं. नाव नाही, गाव नाही. सध्या लाल फुलांच्या टोप्या आहेत, युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी. पत्र टाकायची फट तेवढी उघडी ठेवतात. पावसात भिजून टोपी एका बाजूला कलते, मग जाणारा एखादा म्हातारा छत्री काखेत धरून ती नीट बसवतो आणि पुढे जातो. नाही आई, पेटीला थंडी वाजत नाही. मी एकीला विचारलंही, का करता? ती म्हणाली, बरं दिसतं. बस, एवढंच.

राजूच्या खात्यात पंचवीस हजार टाकले आहेत. आधी सोसायटीचा हप्ता, मग मंडप. सोयाबीन पाण्यात गेलं म्हणून कापूस घाईने खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकू नका, सीसीआयचं सरकारी खरेदी केंद्र सुरू होऊ द्या. लग्नाला मी येते आहे, पण सुट्टी आठच दिवसांची आहे. हळदीला पोचते की नाही, सांगता येत नाही. बस्ता माझ्यावाचून फाडा. आई, तू रंग निवड, मला चालेल. दिवाळीलाही आले नाही, आता हे. पण भावाच्या लग्नात मी नाचणारच, हे पक्कं.

अमरावतीच्या स्थळाला नाही कळवा. त्यांना नोकरी सोडणारी सून पाहिजे. मोठी बहीण राहिली आणि भावाचं उरकलं असं लोक म्हणतील. ऐकावं तुम्हालाच लागेल, हे मला कळतं. पुढच्या वर्षी बघू.

तुमची,
माया

ता. क. त्या पंचवीस हजारांतले तीन हजार आईच्या चष्म्याचे आहेत. मंडपात घालू नका.