हँगरची लेझीम करणाऱ्या दादाला

सप्रेम नमस्कार,

तुमचे खासगीत आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं, मॅडम" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. ज्यांनी आम्हाला दारातूनच परत लावलं त्यांच्याही ते वाचनात यावं अशी इच्छा आहे. ही इच्छा फारशी सात्त्विक नाही, पण आहे.

तुमच्या सॉफ्टवेअरची ओळख तुम्ही अगदी कोरडी करून देता. माइनक्राफ्ट या खेळातल्या पात्राची स्किन, म्हणजे त्याच्या अंगावर चढवायचं रंगवलेलं चित्र, कॉम्प्युटरवर उघडा, चहूबाजूंनी फिरवून बघा, हातपाय हलवून पोझ द्या, चित्र साठवा. संपलं. आमच्या शाळेत त्याचं काय झालं हे मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंय, सलग कधीच नाही.

मी चित्रकला शिकवते. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, मुलं बसवते. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, मिरवणूक असा विषय देतात आणि समोर काहीही नसताना आठवणीतून माणसं काढायची. विषय कुठलाही असो, आमच्या मुलांची माणसं सावधानमध्ये उभी. भाजीवाली सावधान, गिऱ्हाईक सावधान, पालखीचे भोई सावधान. एकदा तर बैलसुद्धा सावधान होता. लाकडी सांध्यांची बाहुली मागवा म्हणून मी मागणीपत्रं देत राहिले. ती कपाटात जातात आणि तिथेच निवृत्त होतात.

आणि हीच मुलं वहीच्या मागच्या पानांवर चौकोनी माणसं रंगवत होती. घरी मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळतात, त्यातल्या आपापल्या पात्राचे कपडे. मी एकीची वही घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की हे वाटतं तेवढं पोरखेळाचं काम नाही. अख्खी स्किन ६४ बाय ६४ चौकोनांच्या एका चित्रात मावते. डोकं आठ चौकोन उंच, धड बारा, पाय बारा. गणिताच्या पुस्तकातली इष्टिकाचितीची घडणी असते ना, तशी प्रत्येक अवयवाची पृष्ठं सुटी पसरलेली. कुठली कड कुठल्या कडेला जाऊन भिडणार हे डोक्यात धरून रंग भरायचे. मी वर्गात माणूस साडेसात डोक्यांचा शिकवते, हा बरोब्बर चार डोक्यांचा. पण प्रमाण म्हणजे काय हे मुलांना त्या चार डोक्यांवरून लवकर कळलं, ही गोष्ट मी आमच्या कलाशिक्षकांच्या बैठकीत अजून बोललेले नाही.

मुलींनी नऊवारीतली लेझीम खेळणारी मुलगी करायला घेतली. आता चेहरा आठ बाय आठ. आठ ही समसंख्या, म्हणजे मधोमध असा स्तंभच नाही. कपाळाच्या मध्यावर एक चौकोनी टिकली लावताच येत नाही! डावीकडे तरी सरकते नाहीतर उजवीकडे. बराच खल झाल्यावर एकीने दोन चौकोनांची चंद्रकोर काढली आणि प्रश्न निकालात निघाला. नथ पात्राच्या डाव्या नाकपुडीत, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, यावर एक छोटं भांडण झालं. आणि साडी सहावारी ठेवली तर पाय हलले की ती मधोमध फाटते, कारण दोन पाय म्हणजे दोन वेगळे खोके. नऊवारीला काष्टा असल्यामुळे तो प्रश्नच येत नाही. हा खेळ बनवणाऱ्या स्टॉकहोममधल्या कुणी लेझमीचा विचार करून ते पाय केले नसणार, पण बसले मात्र चपखल.

हे सगळं रंगवलेलं उभं करून बघायचं तर साधन हवं. आमच्या शाळेतले कॉम्प्युटर कुठल्या काळातले आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. नेट असलं तर असतं. ज्यांनी लॅब बसवून दिली त्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, गेम शाळेत कशाला?" फोन ठेवताना हसल्याचाही आवाज आला. फुकटच्या एका संकेतस्थळावर स्किन दिसायची, पण तिच्या आजूबाजूला ज्या जाहिराती उघडत होत्या त्या मी आठवीच्या मुलींसमोर चालू ठेवू शकत नव्हते. मग माझ्या पैशांनी एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं. मुलींची स्किन खेळातल्या अॅलेक्स या पात्राच्या बांध्याची, हात तीन चौकोन रुंद. त्या सॉफ्टवेअरला फक्त स्टीव्ह या दुसऱ्या पात्राचा चार चौकोनांचा हात माहीत. त्यामुळे नऊवारीतल्या प्रत्येक मुलीच्या दंडावर काळी पट्टी! जणू सगळ्या निषेध नोंदवायला आल्यात. कंपनीला लिहिलं. "आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं उत्तर आलं. परत लिहिलं, परत तेच आलं, आणि मग तक्रार निकाली काढल्याचा निरोप आला. कुणी निकाली काढली, काय केलं, राम जाणे. पैसे गेले ते गेलेच. पण समोर कुणी माणूस आहे का याचाच पत्ता लागू नये, हे जास्त लागलं.

तुमचं सॉफ्टवेअर एका मुलाच्या मामांनी पेनड्राइव्हवरून आणून दिलं. ते आमच्या कॉम्प्युटरवर चाललं, नेट न मागता चाललं, तीन चौकोन रुंदीचे हात त्याला कळत होते. जुन्या फायलीसुद्धा उघडत होत्या. २०१४ साली माइनक्राफ्टची १.८ आवृत्ती येईपर्यंत स्किनची फाइल ६४ बाय ३२ असायची आणि डावा हात म्हणजे उजव्याचंच प्रतिबिंब, हे मला तुमच्या मदतीच्या पानावरून समजलं. ते पान मराठीत होतं. खाली तुमचं नाव आणि पत्ता होता, म्हणून लिहायचा धीर झाला.

मी तक्रार अशी केली होती की लेझमीची पोझ द्यायला गेलं की कोपर वाकतं, पण वाकल्या जागी फट पडते आणि हात तुटल्यासारखा दिसतो. खेळात पात्राला कोपर नसतंच, हात फक्त खांद्यातून फिरतो. कोपर ही तुम्ही पदरची घातलेली सोय. तेव्हा तुम्ही "खेळात नाही, सोडून द्या" म्हणाला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. इतक्या जणांनी सोडून द्या म्हटलं होतं, त्यात आणखी एक.

तुमचं उत्तर आलं ते फोटोसकट. गच्चीवर तुम्ही, हाफ पँट, पाय फाकवून अर्ध्या बैठकीत. हातात कपड्यांचा हँगर, आणि त्याच्या खालच्या दांडीला किल्ल्यांचा जुडगा लोंबतोय. मागे दोरीवर कुणाची तरी चादर. सोबत दोन ओळी: "फट बुजवतो. पण मॅडम, दुसऱ्या ठोक्याला वाकताना उजवं कोपर एवढंच वाकतं का? शाळेत खेळायचो, आता अंगात राहिलं नाही."

त्या फोटोने काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. मी तो वर्गात लावला. आधी अर्थातच हशा. मग आमची एक मुलगी उठली. एरवी हजेरीलासुद्धा तिचा आवाज शोधावा लागतो. ती फळ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, यांचा गुडघा चुकलाय. अजून खाली पाहिजे." दुसरी म्हणाली कोपर बरोबर आहे पण मनगट आत वळतं. मग वर्गात जागा करून दोघींनी ते करून दाखवलं आणि बाकीच्यांनी बघून काढलं. चाळीस मिनिटांच्या तासात एकही माणूस सावधानमध्ये उभा नव्हता. त्याच मुलीने तुमच्या फोटोवर लाल पेनाने हाडांच्या रेषा आखून दिल्या आणि तो कागद मी तुम्हाला पाठवला. इकडे मला धाकधूक, मोठ्या माणसाला पोरींनी लाल पेनाने तपासलंय. तुम्ही लिहिलंत, "गुडघ्याचं बरोबर आहे त्यांचं."

फट बुजली, पोझेस आल्या, सगळं झालं. त्याबद्दल आभार आहेतच. पण मी हे पत्र लिहितेय ते त्या हँगरसाठी. तुम्हाला पोझ अंदाजाने देता आली असती, आम्हाला चाललीही असती. तुम्ही गच्चीवर जाऊन स्वतःचं अंग वाकवून बघितलंत आणि नंतर विचारलंत. आठवीतल्या मुलींना विचारलंत, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकलंत. आमच्याकडे तपासणीला येणारी मोठी माणसं मुलांना प्रश्न विचारतात, पण उत्तर ऐकेपर्यंत थांबलेलं मी फारसं कुणाला पाहिलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी मात्र फुकट शब्दाचा धसका घेतला. फुकट आहे म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, कॉम्प्युटरची सगळी माहिती जाईल. मी म्हटलं, सर, जाण्यासारखं त्यात शालेय पोषण आहाराच्या तक्त्याशिवाय काय आहे? तरी त्यांना पटावं म्हणून तुम्हीच सांगितलेली ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची गोष्ट ऐकवली, की २००२ साली लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं. वर्गणी हा शब्द ऐकल्यावर ते जरा सैलावले. गणपतीची वर्गणी त्यांच्या हातून दरवर्षी जाते, त्यामुळे हा हिशेब त्यांना पटण्यासारखा होता. भली माणसं अशीच एकमेकांच्या भरवशावर चालत असतात बहुतेक. एसटीत कुणाचं तरी तिकीट काढणारी, परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या बाहेर जादा पट्टी आणि खोडरबर घेऊन उभी राहणारी. त्यांची नावं विचारायचीच राहतात. तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला चालणार नाही म्हणून इथे घालत नाही. मुलं तुम्हाला स्किनवाले दादा म्हणतात.

परीक्षेचं म्हणाल तर कुणाला काय श्रेणी मिळाली हे सांगून तुमच्या पदरात श्रेय घालणार नाही, कारण ती मेहनत त्यांची. एवढं सांगते, की आपल्याकडे रोखलेला हात आखूड दिसतो ही गोष्ट मी फळ्यावर घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे. तुमच्या चौकोनी माणसाचा हात पुढे करून त्याला समोरून बघितलं की हाताची लांबी जवळजवळ नाहीशी होते आणि मुठीचा चौकोन तेवढा मोठा उरतो. खोकाच असल्यामुळे कुठली बाजू दिसते आणि कुठली लपते हे मोजून सांगता येतं. यंदा एकाच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारा थेट बघणाऱ्याकडे टिपरू रोखून उभा आहे. अंगठा चुकलाय. पण हात आपल्या दिशेने येतोय!

विकतच्या सॉफ्टवेअरची मुदत मागच्या महिन्यात संपली. नूतनीकरण करा म्हणून त्यांची पत्रं मात्र नेमाने येतात, त्या बाबतीत त्यांची तत्परता वाखाणण्यासारखी आहे.

आता एक मागणी. आभाराच्या पत्रात मागणी घालू नये, पण मुली मागे लागल्यात. त्यांना फुगडी हवी आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच पात्र उघडतं हे मला माहीत आहे, आणि फुगडीला दोन लागतात. शिवाय हात फुलीसारखे एकमेकांत, अंग मागे झोकलेलं, चारी पावलं मधे जवळजवळ. अवघड असेल तर राहू द्या. घाई मुळीच नाही. करायला घेतलंत तर या खेपेला फोटोसाठी समोर दुसरं माणूस लागेल, आणि गच्चीला कठडा आहे ना तेवढं बघून घ्या.

तुमची,
चित्रकलेच्या बाई