दुरुस्तीनंतरही लेन्सचा फोकस चुकत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा डीएसएलआर कॅमेरा आणि ८५ मिमी एफ/१.८ लेन्स या दोन्ही वस्तू मी वॉरंटीच्या मुदतीत फोकस जुळवून घेण्यासाठी आपल्या सेवाकेंद्रात दिल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, तेव्हा सोबतच्या कागदावर ‘तपासले, मानकानुसार योग्य’ एवढाच शेरा होता. दोष मात्र जसाच्या तसा आहे.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र, पूर्ण उघडे (एफ/१.८) ठेवून दोन मीटरवरून चेहरा टिपताना फोकसचा बिंदू डोळ्यावर धरला, तरी पापण्या धूसर येतात आणि नाकाचा शेंडा लख्ख दिसतो. या अंतरावर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ते अंतर, जेमतेम ६ सेंटीमीटर असते, त्यामुळे हात हलल्याची शंका राहू नये म्हणून मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, समोर उभा तक्ता व त्याच्या शेजारी ४५ अंशांत तिरपी मोजपट्टी ठेवली आणि प्रत्येक वेळी लेन्स अनंतावर नेऊन नव्याने फोकस करत टायमरने दहा फोटो घेतले. दहाही फोटोंत सर्वांत स्पष्ट भाग पट्टीवर सुमारे ७ सेंटीमीटर, म्हणजे प्रत्यक्षात तक्त्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला आला.

हीच मांडणी कायम ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, फोकस केल्यास फोटो अचूक येतो, कारण तिथे फोकसची मोजणी फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवर होते. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, पाहताना ती आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर होते. आपल्या तंत्रज्ञांनी केवळ लाइव्ह व्ह्यूमध्ये तपासणी केली असेल, तर त्यांना दोष दिसणारच नाही. फोकस मागे सरकवण्यासाठी मेन्यूतील सूक्ष्म समायोजन मी +२० या शेवटच्या टोकापर्यंत नेले, तरी फोकस पुढेच राहतो. याच बॉडीवर माझी ५० मिमी लेन्स +२ वर बिनचूक चालते, म्हणून दोष बॉडीत नसून या लेन्समध्ये आहे, असे माझे मत आहे.

एफ/८ वर, म्हणजे छिद्र लहान करून स्पष्टतेची खोली वाढवल्यावर, फोटो चांगले येतात, असे मला फोनवर सांगण्यात आले. ते खरे आहे, पण एफ/८ वरच काम भागवायचे असते, तर मी एफ/१.८ ची लेन्स घेतलीच नसती.

तरी कॅमेरा व लेन्स एकत्र ठेवून व्ह्यूफाइंडरमधूनच फोकस तपासावा, जुळवणीपूर्वीचे आणि नंतरचे फोटो मला द्यावेत आणि जुळवणी शक्य नसल्यास लेन्स बदलून द्यावी. दोन्ही वेळची पाठवणी कंपनीच्या खर्चाने व्हावी. दहाही फोटोंच्या मूळ फाइल्स सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक