बाप रजेवर होता, तो कोणी पाहिलाच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘अंडरकव्हर ब्लूज’ या जुन्या इंग्रजी सिनेमाबद्दल मजकूर आला आहे. लेखक महाशयांनी त्याला टाइमपास म्हटलं, त्याला माझी हरकत नाही. टाइमपासच आहे तो. पण पुढे त्यांनी दोन मुद्दे मांडले. एक, तान्ह्या लेकराची आई गुंडांशी हाणामारी करत हिंडते हे काही मनाला पटत नाही, तिने निदान लेकरू चालायला लागेपर्यंत घरी थांबायचं. दोन, लेकुरवाळं जोडपं हेरगिरी करतं ही गोष्टच अशक्य. आईला त्यांनी एका वाक्यात घरी बसवलं. बापाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आम्ही हा सिनेमा घरीच पाहिला. मुलगी बाळंतपणाला माहेरी भुसावळला आली आहे, जावई शनिवार-रविवार येतात. रात्री बाळ झोपू देत नाही, तेव्हा टीव्ही लावून बसायचं. इंग्रजी भराभर बोलतात तिथे मुलगी सांगत होती, बाकी समजायला भाषा लागत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. जेफ आणि जेन ब्लू, म्हणजे डेनिस क्वेड आणि कॅथलीन टर्नर, हे नवरा-बायको सरकारी हेर. लेक झाली म्हणून दोघेही रजेवर आहेत आणि तिला घेऊन न्यू ऑर्लिन्स शहरात आले आहेत. तिथे त्यांचा वरिष्ठ येऊन गळ घालतो, एवढं एक काम करा. पूर्वी चेकोस्लोव्हाकियाच्या गुप्त पोलिसात असलेली एक बाई चोरीच्या स्फोटकांचा व्यवहार करते आहे, तिला पकडायचं. दिग्दर्शक हर्बर्ट रॉस. कथानकात दम नाही, खलनायिकेचं पुढे काय होणार ते आमच्या शेजारच्या आजींनीसुद्धा ओळखलं.

पण त्यातला चोर बघा. जेफ पोरीला घेऊन फिरायला निघालेला असतो आणि रस्त्यात दोन लुटारू आडवे येतात. बाळ घेतलेला माणूस म्हणजे गरीब गाय, असा त्यांचा हिशेब. जेफ त्यांना असा काही धुतो की त्यातला एक पुढे सिनेमाभर सूड घ्यायला परत परत येतो आणि परत परत मार खाऊन जातो. स्टॅन्ली टुची या नटाने काय रंगवलाय तो! जेफ दरवेळी त्याचं नाव मुद्दाम चुकीचं घेतो आणि मारापेक्षा त्याला तेच जास्त झोंबतं. जावई हसून हसून खुर्चीवरून घसरले आणि त्या आवाजाने बाळ उठलं. सौ. मात्र हसली नाही. ती म्हणाली, “अवं माय, एवढी दुनिया मागे लागलीय आणि पोरीच्या गालाला एक तीट लावायला झालं नाही यांना!”

आता माझा मुद्दा. बापाने बाळ घेतलं की आपल्याकडच्या विनोदी सिनेमात काय होतं? त्याची फजिती. लंगोट उलटा, दुधाची बाटली सांडलेली, बाळ रडतंय, बापही रडकुंडीला आलेला, आणि मग बायको येऊन सगळं सावरते. या सिनेमात तसं नाही. लेकीला सांभाळणं जेफला जमतं, जसं मारामारी करणं जमतं. त्यात त्याला कोणी हसत नाही. हसायचं ते लुटारूला. सिनेमा सप्टेंबर १९९३ मध्ये आला, हे लक्षात घ्या.

आमची मुलगीही १९९३ चीच. मी तेव्हा फिरतीच्या नोकरीत होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. सौ. तापीपलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. प्रसूतीची रजा संपली, तशी ती लेकीला घेऊन एसटीने शाळेत जाऊ लागली. वर्गात फळ्याच्या बाजूला, छताच्या आड्याला नऊवारीचा झोका बांधलेला असायचा. पहिलीची पोरं पाढे म्हणायची आणि पहिल्या रांगेतला पोरगा पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून झोका हलवायचा. दोन एके दोन थांबलं की आमची कन्या जागी. गाव केळीवाल्यांचं. झोक्याखाली अंथरायला कोणीतरी रोज ताजं केळीचं पान आणून ठेवायचं, म्हणजे खालची फरशी पुसायची कटकट नको.

सौ.ला ताप आला तेव्हा मी रजा मागायला गेलो. कारणाच्या रकान्यात ‘मूल सांभाळणे’ असं खरं ते लिहिलं. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं, “काय हो, बाळंत कोण झालं, तुम्ही का?” सगळे हसले. शिपाईसुद्धा. शेवटी ‘घरगुती कारण’ असं लिहून दिल्यावर रजा मिळाली. आता सांगा, हेरगिरी ती काय वेगळी असते? घरी मूल सांभाळायचं आणि कचेरीत त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली ती पाचव्या वेतन आयोगानंतर. तोवर आमच्या कन्येने झोका सोडला होता. आईची रजा २०१७ च्या कायद्याने खासगी नोकरीतही पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणंही आलं. चांगलं झालं. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र कायद्याने आजही एक दिवस नाही, कंपनी देईल तो प्रसाद. आमचे जावई म्हणूनच शनिवारी रात्री येतात आणि रविवारी रात्रीची गाडी पकडतात. मुलगी पुण्यात मनुष्यबळ विभागात आहे, तिने आणखी एक सांगितलं. अमेरिकेत आई आणि बाप दोघांनाही बाळासाठी बारा आठवड्यांची रजा देणारा कायदा नेमका १९९३ च्या ऑगस्टमध्ये लागू झाला. बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही, पण बापाचं नाव त्यात आलं. पुढच्याच महिन्यात हा सिनेमा लागला. सरकारी हेर दोघेही रजेवर, आणि बापाला कोणी विचारत नाही की बाळंत कोण झालं.

राहिला अशक्यतेचा मुद्दा. लेखक महाशय बातम्या वाचत असतीलच. २०१० साली अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांमध्ये पोराबाळांची जोडपी होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती चारचौघांसारखी वाटायची. स्लोव्हेनियात एक जोडपं अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून राहायचं, बाई ऑनलाइन चित्रदालन चालवायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा ते सुटले, आणि आपण रशियन आहोत हे त्यांच्या दोन मुलांना मॉस्कोच्या विमानात बसल्यावर कळलं. त्या लेकरांचं मला फार वाईट वाटलं, तो काही विनोदाचा विषय नाही. पण बाबागाडी ढकलणाऱ्या माणसाकडे कोणी संशयाने बघत नाही, हे हेरखात्यांना आपल्या लेखकाच्या आधीपासून ठाऊक आहे.

जाता जाता आपल्याच वार्ताहरांना एक काम. बसस्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, ते पाजणाऱ्या आयांसाठी आहेत आणि तसेच असावेत, तिथे पुरुषाने डोकावू नये. पण एकटा बाप लेकराला घेऊन प्रवासाला निघाला आणि वाटेत लेकराने लंगोट भरला, तर त्याने ते बदलायचं कुठे? मागच्या महिन्यात नातवाला घेऊन मी एका स्थानकात उभा होतो. बाकावर माणसं, उपाहारगृहाच्या टेबलावर नको म्हणाले. शेवटी एका केळीवाल्या बाईंनी आपली रिकामी पाटी पालथी घातली, वर स्वतःचा टॉवेल अंथरला आणि म्हणाल्या, “टाका इथं, मी धरते पाय.” पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर भिंतीला एक फळी ठोकायला किती खर्च येतो, एवढं आपल्या वार्ताहराने संबंधितांना विचारावं.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. कापायचंच असेल तर चोराचा परिच्छेद कापा, रजेचा राहू द्या.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त कर्मचारी, भुसावळ