जामीन राहायला सांगू नकोस

धंतोली, नागपूर
१० डिसेंबर २०२५

प्रिय सुन्या,

तुझं पत्र पोचलं. मोटेऱ्याजवळ फ्लॅट घेतोयस, २०३६चं ऑलिम्पिक अहमदाबादला आलं की भाव दुप्पट, अन् बुकिंगच्या पैशासाठी इथल्या पतसंस्थेत मी जामीन राहायचं. अबे, २०३०चे राष्ट्रकुल खेळ तुम्हाला मिळाले हे खरं. पण ऑलिम्पिकसाठी आपण अजून ‘यजमान व्हायची इच्छा आहे’ असं नुसतं पत्र दिलंय. साखरपुडा नाही अन् तू बारशाचे पेढे वाटतोस!

जामिनाचं मला नको सांगू. साडूच्या कर्जावर मी सही केली होती, चहाचा कप बाजूला सरकवून, दोन मिनिटांत. साडू गेला रायपूरला अन् माझ्या पगारातून सहा वर्षं हप्ता कापला गेला. पगाराची पावती आली की तुझी वहिनी ती न वाचता घडी घालून देवघरामागे सारायची.

ऑलिम्पिकमध्येही खरी गोम त्या सहीतच आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती आपला वाटा देते, पण यजमान शहराकडून लिहून घेते की खर्च वाढला तर तुम्ही भरायचा. मॉन्ट्रियलचे महापौर म्हणाले होते, ऑलिम्पिकला तोटा होणं म्हणजे पुरुषाला मूल होणं. खेळ झाले १९७६ला, कर्ज फिटलं २००६ला, तेही सिगारेटवर खास कर बसवून. पळणारे पळाले, धूर गावकऱ्यांचा निघाला. लॉस एंजेलिस मात्र पक्कं. १९८४साठी दुसरं कोणी शर्यतीत नव्हतंच, तर त्या शहरानं जामीन राहायला चक्क नकार दिला. बहुतेक खेळ जुन्याच मैदानांवर उरकले अन् वर वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक पडले. २०१५ला बॉस्टनच्या महापौरांपुढे हाच कागद आला. शहराचं भविष्य गहाण टाकणार नाही, म्हणाले. बॉस्टन त्याच दिवशी बाद.

इथे अधिवेशन सुरू आहे, त्यामुळे मंत्र्यांच्या वाटेवरचे दुभाजक तेवढे चकचकीत. आपण कबड्डी खेळायचो त्या मैदानावर महिनाभर सेल होता. मंडप उठला, खड्डे अन् खिळे राहिले. काल संध्याकाळी पाहिलं, पोरं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून मैदानभर ओढत होती. पसाभर खिळे निघाले. मग चपला काढून खेळायला लागली.

फॉर्म सोबत परत पाठवतोय, कोराच. रागावलास तरी जानेवारीत ये, तर्री-पोहे मी चारतो.

तुझा,
बंड्या