तुझा ताळा, माझा ताळा

फोंडा, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

चवथ झाली. गणपतीवरची फळापानांची माटोळी यंदा एकट्यानेच बांधली. तुझ्या वाटणीच्या नेवऱ्या डब्यात आहेत. व्हिएन्नाला कुणी जाणारं भेटतं का, ते आई पाहते आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीच्या कामाला जाते म्हणालीस, त्या रात्री सोप्यावर मी म्हणालो, "भौतिकशास्त्र शिकून दुसऱ्यांचे हिशेब तपासणार?" ज्याचं घर 31 वर्षं बँकेतली रोकड मोजून चाललं, त्याने असं बोलायला नको होतं.

तू दिलेलं टिपण दोनदा वाचलं. 8 किलो प्लुटोनियमचा ठावठिकाणा लागला नाही, तर त्याचा बाँब झालेला असू शकतो असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था धरते. मी कागदावर मांडून पाहिलं. वर्षाला 8 टन प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना असेल आणि मोजमाप एक टक्का चुकलं, तर 80 किलो. दहा बाँबांचा माल, आणि चोरी झाली की नळ्यांत चिकटून राहिला हे नुसत्या वहीवरून कळायचं नाही! माझ्या काउंटरवर एकदा 500 रुपये कमी भरले. रात्री नऊला सापडले. दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. तेवढ्यासाठी जेवण गेलं नव्हतं. तुमचा ताळा तर पैशापर्यंत कधी जुळतच नाही. म्हणून ती सीलं, ते कॅमेरे, यंत्रांवरून कापडाने पुसून घेतलेले नमुने. आता समजलं.

1998च्या मे महिन्यात पोखरणची बातमी आली तेव्हा मी पेढे वाटले होते. त्याची मला लाज नाही. 1967पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांना एक न्याय आणि इतरांना दुसरा, हा अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार मला आजही पटत नाही, आणि भारताने सही केली नाही म्हणून तिथे कुणी सुनावलं तर गप्प राहू नकोस. पण 1954 साली अणुचाचण्या थांबवा म्हणणारे नेहरूच होते, हेही सांग. आपल्या गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी होमी भाभांच्याच संस्थेत राहून अणुऐवजी सूर्यशक्तीचा आग्रह धरत होते. तुझ्या कामाला देशद्रोह म्हणणाऱ्या आपल्या नातेवाइकांना मी परवा हेच ऐकवलं.

एक राहिलं. नळीत अडकलेलं प्लुटोनियम बाहेरून न्यूट्रॉन मोजून ओळखतात, असं टिपणात आहे. पण नळी जाड असली, शेजारी दुसरी नळी असली, तर कुठले न्यूट्रॉन कुठले हे कसं ठरवता? रविवारी फोनवर सावकाश सांग. वही घेऊन बसतो.

तुझे बाबा